आमच्या संकुलातली विलायती निवडणूक

मुलांनो, आधी डोळे मिटा. मिटलेत? मग पुढचं वाचणार कसं? उघडा बरं. इतकी वर्षं मास्तरकी करूनही माझी ही चूक सुटलेली नाही.

तर उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही इंग्लंडमधल्या एका गावात राहता. आज गुरुवार, मतदानाचा दिवस. सुट्टी नाही, भोंगा नाही, गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून चिठ्ठ्या वाटणारी पोरं नाहीत. तुम्ही छत्री घेऊन चर्चच्या हॉलकडे चालत जाता. दाराशी कुणीतरी आपला कुत्रा बांधून आत गेलंय, तो तुमच्याकडे बघून शेपटी हलवतो. आत दोऱ्याला बांधलेली एक पेन्सिल. तिने कागदावर फुली मारायची, कागदाची घडी करून पेटीत टाकायची आणि घरी येऊन चहा प्यायचा. बोटाला शाई लावायला कुणी येत नाही.

झाली कल्पना? किती छान, शांत, सभ्य! मलाही तसंच वाटलं होतं. आणि एवढ्याशा कल्पनेपायी मी माझा वर्ग घालवून बसलो.

वर्ग म्हणजे काय ते सांगतो. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं नंदिनी संकुल आहे. तिथे तळमजल्यावर, जिन्याशेजारी एक खोली आहे. ती बिल्डरने कशासाठी बांधली हे आता बिल्डरलाही आठवत नाही. निवृत्त झाल्यापासून मी त्या खोलीत रोज संध्याकाळी संकुलातल्या मुलांना शिकवतो. पैसे घेत नाही. त्यामुळे मुलं खूश असतात आणि पालकांना माझ्या ज्ञानाबद्दल थोडा संशय येतो. “खैरनार सर फुकट शिकवतात” हे वाक्य आमच्याकडे दोन वेगवेगळ्या सुरांत म्हटलं जातं.

या वर्गात सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटी जाणारी मुलगी म्हणजे अरफा. वय नऊ. तिचे अब्बा सरफराजभाई अंबडच्या एका कारखान्यात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. त्यामुळे घरात तिला कुजबुजत बोलावं लागतं, पावलं न वाजवता चालावं लागतं, शिंक आली तर गॅलरीत जावं लागतं. आता देवाची गंमत अशी, की या मुलीला त्याने आवाज दिलाय तो थेट गेटवर ऐकू जाणारा. तो आवाज ती दिवसभर घडी घालून ठेवते आणि माझ्या वर्गात आली की उलगडते. “सर, पाढे मी म्हणू?” असं ती विचारते तेव्हा वरच्या मजल्यावरची कबुतरं उडतात. मी तिला कधीच “हळू” म्हणत नाही. तिला मोठ्याने बोलता येईल अशी तेवढी एकच जागा आहे.

दोन हजार चोवीसच्या जूनमधली गोष्ट. आपल्याकडची लोकसभा नुकतीच उरकली होती. बोटावरची शाई नखाच्या मध्यापर्यंत सरकली होती. एका संध्याकाळी वर्ग चालू असतानाच माझ्या मुलीचा, चैतालीचा, व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात लेस्टरला नोकरी करते.

“बाबा, इथे निवडणूक लागलीय. आणि मलाही मत आहे!”

“तुला? तू तर भारताची नागरिक.”

“राष्ट्रकुलातल्या देशांचे लोक इथे रीतसर राहत असतील तर त्यांना मत देता येतं.”

आमची ही नेमकी तेव्हाच मला चहा द्यायला खोलीत आली होती. ती फोनमध्ये डोकावून म्हणाली, “इतकी वर्षं आपल्याला न विचारता राज्य केलं. आता विचारतायत, तर नीट बघून दे.”

तेवढ्यात अरफाने आवाज उलगडला. “ताई, तिथली माणसं कसं ठरवतात कुणाला द्यायचं ते?”

हा प्रश्न ताईला होता. पण मास्तराच्या देखत कुणी प्रश्न विचारला की मास्तराला तो आपलाच वाटतो. मी घसा साफ केला. “मुलांनो, ही लोकशाहीची जुनी भूमी. तिथला साधा मतदारसुद्धा सगळ्या पक्षांचे जाहीरनामे समोर ठेवतो, मुद्द्यांची तुलना करतो, विवेकाने–”

फोनमधून चैतालीचं हसू ऐकू आलं. बापाच्या वर्गात हसायला हिला आम्ही एवढं शिकवलं.

“बाबा, माझ्या शेजारच्या आजी आहेत ना, त्या त्यांचे वडील ज्या पक्षाला द्यायचे त्यालाच देतात. वडील जाऊन पन्नास वर्षं झाली. समोरचा प्लंबर म्हणतो, डॉक्टरची वेळ मिळत नाही, म्हणून जे सत्तेत आहेत त्यांना पाडायचं. माझ्या ऑफिसातली एक जण म्हणते, तो उमेदवार बघ, पावसात भिजत दारापर्यंत आला होता बिचारा. आणि माझ्या मैत्रिणीला आवडतो एक पक्ष, पण ती मत देणार दुसऱ्याला.”

“असं का?” दिशा. ही माझ्या वर्गातली हुशार मुलगी.

“कारण तिचा आवडता निवडून यायचा नाही. मग नावडता येऊ नये म्हणून मधल्याला द्यायचं.”

“म्हणजे आवडत्याला द्यायचंच नाही?” अरफाने विचारलं. वर कबुतरं उडाली.

“आणि जाहीरनामा?” मी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

“तो पत्रपेटीतून येतो, बाबा. लोक त्यावर ओल्या छत्र्या ठेवतात.”

मुलं हसली. मुलांचं हसणं वाईट नसतं, पण ते आपल्याबद्दल असलं तर नीट ऐकू येतं. त्या क्षणी मी ठरवलं की आता वर्गात ब्रिटिश पद्धतीची निवडणूक घ्यायची. पद्धत सभ्य असली की माणसं आपोआप विवेकाने वागतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसू दे. मुलं उमेदवार होतील, संकुलातली मोठी माणसं मतदार. एका गुरुवारचा प्रश्न. बिघडण्यासारखं त्यात काय होतं?

पहिली अडचण परवानगीची. संकुलाचे चेअरमन किशोर आहेर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सकाळी आम्ही दोघं एकाच वेळी दुधाच्या पिशव्या उचलतो. तरी त्यांनी मला लेखी अर्ज द्यायला सांगितला. तो मी त्यांच्या हातात दिला, तर म्हणाले, “असा नाही, सर. पेटीत टाका. रीतसर येऊ द्या.” पेटी त्यांच्याच दाराला लावलेली आहे. मी अर्ज पेटीत टाकला. त्यांनी माझ्यासमोर कुलूप उघडून तो बाहेर काढला, चष्मा लावला आणि जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला.

“परदेशी निवडणूक म्हणताय. उद्या कुणी विचारलं, की नंदिनी संकुलात इंग्रजांना परत का आणताय, तर?”

“अहो, मुलांचा खेळ आहे.”

“खेळ असेल तर हरकत नाही. पण सर, अनायासे सगळी घरं मत देणारच आहेत, तर एक काम करू. त्या खोलीचा प्रश्न मिटवून टाकू.”

आहेरांना माझ्या वर्गाच्या जागी जिम करायची होती, हे संकुलात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी वजन उचललेलं नाही. पण पलीकडच्या संकुलात जिम झाली होती, आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

“जो निवडून येईल त्याच्या मुद्द्याप्रमाणे खोली. बोला, मंजूर?”

आता इथे शहाण्या माणसाने घरी जाऊन विचार केला असता. पण माझ्या डोक्यात लोकशाहीची जुनी भूमी होती. खोली भरून मुलं शिकतात, तीही फुकट. विवेकी मतदार दुसरं काय निवडणार? “मंजूर,” मी म्हणालो. आहेरांनी अर्जावर शिक्का मारला. इतक्या आनंदाने शिक्का मारताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

उमेदवार पटकन ठरले. आहेरांचा अश्विन जिमच्या बाजूने. दिशा वर्गाच्या बाजूने. दिशाच्या आजी भिमाबाई महापालिकेतून निवृत्त झालेल्या. निवडणुकीच्या कामावर त्या इतक्या वेळा गेल्या होत्या, की त्यांना न विचारता घेतलेली कुठलीही निवडणूक त्यांना बेकायदेशीर वाटायची.

“सर, शाई कुठाय?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्याकडे शाई लावत नाहीत.”

“मग मत दिलं हे कळणार कसं? लोक फोटो कशाचा काढणार?”

“मत देणं पुरेसं असतं, भिमाबाई.”

“आणि हे काय? पेन्सिल? कुणी खोडलं तर?”

“तिथे कुणी खोडत नाही.”

“का नाही खोडत?”

याचं उत्तर मी तिथल्या लोकांवर सोडून दिलं. भिमाबाई जाताना म्हणाल्या, “दोरा जाड बांधा. लोक पेन्सिल घेऊन जातात.”

इथपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शिक्षकाला एक रोग असतो. विषय पूर्ण झाल्याशिवाय त्याला झोप येत नाही. मी मुलांना सांगितलं, की ब्रिटिश निवडणुकीत एखादा गमतीचा उमेदवारही असतो. तो चित्रविचित्र वेष करतो, डोक्यावर बादलीसुद्धा घालतो, आणि अशक्य अशी वचनं देतो. निकालाच्या दिवशी मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या शेजारी मंचावर तोही गंभीरपणे उभा राहतो. लोकशाहीने स्वतःवर हसायची ती सोय आहे.

“मी होऊ?” अरफा.

“पण तुला तर वर्ग हवाय ना? मग दिशाला मदत कर.”

“गमतीचा उमेदवार निवडून येतो का, सर?”

“कधीच नाही.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि घरून लाल प्लास्टिकची बादली घेऊन आली. ती डोक्यावर घातल्यावर तिचा आवाज आत घुमून असा काही बाहेर आला, की गेटवरचा वाल्मीक काठी घेऊन धावत आला.

मी तिला समजावलं, “आता वचन असं दे, की ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, हे होणं शक्य नाही. जसं, चंद्रावर सहल नेईन.”

अरफा बादलीत बराच वेळ विचार करत बसली. मग आतून आवाज आला. “मी निवडून आले तर नळाला दिवसभर पाणी येईल.”

सगळी मुलं पोट धरधरून हसली. मीही हसलो. सकाळी अर्धा तास येणाऱ्या नळाखाली वाढलेल्या मुलांना याहून अशक्य काही सुचणार नव्हतं. मला वाटलं, वा, पोरीला विनोद कळला. आमच्या संकुलातल्या मोठ्यांना तो कळेल का, हा विचार मनात आला नाही.

प्रचार ब्रिटिश पद्धतीने, म्हणजे दारोदार जाऊन करायचा. तिथे उमेदवार घंटी वाजवतो, घरातला माणूस दार उघडतो, “माझं मत तुम्हाला नाही” असं तोंडावर सांगतो आणि दोघंही एकमेकांचे आभार मानतात. मग कार्यकर्ते अंदाज बांधतात. मी मुलांना हे नीट समजावलं आणि पाठवलं.

पहिला अश्विन परत आला. त्याच्या दोन्ही खिशांत चिवडा होता. “सर, सगळे मलाच देणार म्हणाले.”

मग दिशा आली. “सर, सगळेच्या सगळे मला देणार आहेत!”

शेवटी अरफा आली. बादली आता हातात होती आणि तिच्यात केळी, राजगिऱ्याच्या वड्या नि एक नारळ. “सर, एकही नाही म्हणालं नाही.”

मी अरफाला विचारलं, “तुझे अब्बा अश्विनला काय म्हणाले?”

“झोपेत होते. उठून दारात आले आणि म्हणाले, ‘बेटा, ये घर तेरा ही है, मत तुलाच.’ मी तिथेच उभी होते, सर. बादली घालून.”

गोजराबाई दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात, मूळच्या सटाण्याकडच्या, अजून अहिराणीच बोलणाऱ्या. त्यांनी तिघांनाही गालावरून हात फिरवून सांगितलं होतं, “तुलेच देसू रे बेटा.” मी त्यांना जिन्यात गाठलं.

“आजी, तिघांना कसं देणार?”

“देनार एकलेच शे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पन दारात उनेल लेकरूले नही कसं म्हनू?”

घरी येऊन बघतो तर आमच्या हिनेही तिघांना एकेक लाडू आणि एकेक मत देऊन टाकलेलं. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर म्हणाली, “तोंडावर नाही म्हणायला मी काय इंग्रज आहे?”

माझा अंदाज बांधण्याचा कार्यक्रम तिथेच आटोपला. तिन्ही उमेदवार संपूर्ण बहुमताने निवडून येत होते.

पण प्रचाराच्या दोन दिवसांत काहीतरी बदललं होतं, ते मला उशिरा समजलं. जिन्यात बायका थांबून बोलत होत्या. “बादलीवाली पोरगी पाण्याचं बोलते ना?” “हो, तीच. निशाणीच बादली घेतलीय.” एका गृहस्थांनी मला विचारलं, “सर, चोवीस तास म्हणजे बोअर मारणार का टँकर?” मी म्हणालो, “अहो, तो विनोद आहे.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांच्या रिकाम्या टाकीला हसलो होतो.

मी अरफाच्या घरी गेलो. तिची अम्मी नूरबानो दारात आली, बोट ओठांवर ठेवून. आत सरफराजभाई झोपले होते. मीही कुजबुजलो, “अरफाचं वचन जरा मागे घ्यायला सांगा.”

“सर, आता कसं?” ती हळूच म्हणाली. “चौथ्या मजल्याच्या बायका मला मिठाई देऊन गेल्या. पहिल्यांदा कुणी आमच्या पोरीच्या आवाजाची तारीफ केली.”

मी पावलं न वाजवता परतलो.

गुरुवार उजाडला. खोलीत पडदा लावून मतदान केंद्र केलं. जाड दोऱ्याला पेन्सिल बांधली. अर्ध्या तासात ती गेली. दुसरी बांधली, तीही गेली. दुपारपासून भिमाबाई स्वतःची पेन्सिल घेऊन पडद्याशेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाच्या हातून ती परत घेऊ लागल्या. तिकडे लोक कुत्रा घेऊन मत द्यायला येतात असं मी सहज बोललो होतो, तर तळमजल्याचे दोघं आपापले कुत्रे घेऊन आले. ते दोन्ही कुत्रे एकाच रांगेत यायला तयार नव्हते. एका मतदाराने फुली मारायच्या ऐवजी सही केली, खाली तारीख घातली आणि “पाहिले” असं लिहिलं. दुसऱ्याने तिन्ही नावांपुढे फुली मारली. तो बहुधा शब्दाला जागणारा असावा. आणि सगळ्यांची एकच तक्रार होती, की निवडणूक आहे आणि मिसळ कशी नाही? “तुमच्या इंग्लंडात काय उपाशी मत देतात का?” असं मला तोंडावर विचारलं गेलं. तोंडावर बोलायची ब्रिटिश पद्धत लोकांनी फक्त माझ्यापुरती उचलली होती.

संध्याकाळी मोजणी झाली. तिन्ही उमेदवार माझ्या शेजारी ओळीने उभे. अश्विनने सदरा घातला होता, दिशाने वेण्या घट्ट घातल्या होत्या, अरफाच्या डोक्यावर बादली. दिशाला एकोणीस, अश्विनला एकवीस आणि अरफाला सत्तावीस.

टाळ्या वाजल्या. अरफाने बादली हनुवटीपर्यंत खाली ओढली.

“असं कसं झालं?” मी आमच्या हिला विचारलं.

“अहो, सगळ्यांना वाटलं दिशा येणारच. मास्तरांचा वर्ग कोण बंद करतंय? मग आपलं एक मत पाण्याला दिलं तर बिघडलं काय?”

“सगळ्यांना? तुला पण?”

“मला आधी,” ती म्हणाली.

म्हणजे पाहा, मुलांनो. ज्यांना वर्ग हवा होता, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तो बाकीच्यांवर सोपवला. जाहीरनामा दिशाने सुवाच्य अक्षरात लिहून प्रत्येक दाराला चिकटवला होता. तो कुणी वाचला असेल तर एकानेही मला तसं कळू दिलेलं नाही. रात्री चैतालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, पद्धत हुबेहूब उतरलीय. इथेसुद्धा निम्म्याहून जास्त लोकांनी नाकारलेला माणूस आरामात निवडून येतो.” माझं सांत्वन करायची तिची ही तऱ्हा.

निकालानंतर मात्र बघण्यासारखं दृश्य होतं. एकेक जण पुढे येऊन अरफाची बादली वर करायचा, गालाला हात लावायचा आणि म्हणायचा, “आमचं मत तुलाच होतं हं!” सगळ्यांनी म्हटलं. ज्यांनी अश्विनला दिलं त्यांनी म्हटलं, ज्यांनी दिशाला दिलं त्यांनीही. शेवटी आहेर आले. सगळ्यांच्या देखत, जरा मोठ्याने म्हणाले, “स्वतःचा मुलगा उभा असला म्हणून काय झालं? मी योग्यता बघतो. माझं मत अरफालाच.” अश्विन बापाकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी राज्यशास्त्रातलं सर्वात जास्त कुणी शिकलं असेल तर तो मुलगाच.

दुसऱ्याच दिवशी आहेरांनी समितीची बैठक घेतली. जनतेचा कौल स्पष्ट होता. पाणी. जिमला ते क्षणात विसरले. जिन्याशेजारच्या खोलीत पाण्याच्या जादा टाक्या बसवायच्या असा ठराव झाला. टाक्यांत पाणी कुठून येणार, हा प्रश्न भिमाबाईंनी विचारला. तो पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. सोमवारी खोली रिकामी करून द्यायची होती.

“गच्चीवर वर्ग घेऊ?” मी विचारलं.

“गच्चीला गळती आहे, सर. कुणालाच परवानगी नाही.”

“पार्किंगमध्ये?”

“गाड्यांना ओरखडे येतात.”

“माझ्या घरी?”

याचं उत्तर आहेरांनी नाही, आमच्या हिने दिलं. मागे एकदा मी घरात मुलांना ज्वालामुखीचा प्रयोग करून दाखवला होता. सोफ्यावर तो डाग अजून आहे. “मुलं कितीही आणा,” ती म्हणाली, “मास्तर नको.”

सोमवारी दुपारी दोन काळ्या टाक्या आल्या. त्या दारातून आत जाईनात, म्हणून दाराची चौकट काढली. मी फळा घरी आणून पलंगाखाली सरकवला. संध्याकाळी मुलं सवयीने खोलीपाशी जमली. मी त्यांना सांगितलं, की आता वर्ग होणार नाही. दिशाने डोळे पुसले. अरफा नुसती टाक्यांकडे बघत होती. टाक्या रिकाम्या होत्या. मला तिची घराकडे जाणारी वाट दिसत होती. तीन मजले चढून जायचं आणि मग कुजबुजायचं. रोज.

“माझ्यामुळे झालं का, सर?” तिने विचारलं. इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

“नाही गं. ज्यांनी मत दिलं त्यांच्यामुळे झालं. आणि जास्त करून माझ्यामुळे.”

“मग आता मी निवडून आलेय, तर मी काय करायचं असतं?”

मी तिला खरं उत्तर दिलं, कारण शिकवताना खोटं बोलता येत नाही. “तिथे निवडून आलेला माणूस आपल्या मतदारांना भेटत राहतो. त्याने सगळ्यांचं बघायचं असतं. ज्यांनी मत दिलं त्यांचं, आणि ज्यांनी नाही दिलं त्यांचंही.”

“पण मला सगळ्यांनीच दिलंय,” अरफा म्हणाली. “प्रत्येकाने येऊन सांगितलं. तुम्ही पण ऐकलंत ना?”

“ऐकलं खरं.”

मग तिने खोलीबाहेर काढून ठेवलेली वर्गातली सतरंजी गुंडाळून खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागली. मुलं तिच्या मागे. मुलांच्या मागे मी, गुडघा धरत. माझ्या दारापर्यंत येऊन ती वळली आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली.

आहेरांनी दार उघडलं. आत मोठ्या टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. अरफाने चपला काढून ओळीत ठेवल्या.

“काका, आज वर्ग तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? अगं, आमच्याकडे कशाला?”

“तुम्ही मला मत दिलंत ना?”

आहेरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे मुलं होती, त्यांच्या मागे मी, आणि आवाज ऐकून जिन्यात आलेल्या भिमाबाई होत्या. घरात, सोफ्यावर, मांडी घालून अश्विन बसला होता आणि बापाच्या उत्तराची वाट बघत होता. नाही म्हणायचं तर सगळ्यांसमोर दुसरंच काहीतरी कबूल करावं लागणार होतं.

“दिलं ना,” आहेर म्हणाले. “दिलं म्हणजे… हो. दिलं.”

“मग उद्या गोजराआजींकडे. परवा चौथ्या मजल्यावर. त्यांनीही दिलंय. सगळी घरं झाली की परत तुमच्याकडे.”

हे सगळं ती खालच्या आवाजात बोलली होती. आता ती आत गेली, दिवाणखान्याच्या मधोमध तिने सतरंजी पसरली आणि मुलांना बसायला जागा दाखवली. अश्विन सोफ्यावरून उतरून पहिल्या रांगेत आला. “सर, या ना आत!” अशी तिने हाक दिली, तेव्हा आहेरांच्या शोकेसमधले ग्लास वाजले. मग तिने टीपॉयवरचा रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि रिमोट मांडीखाली ठेवून त्यावर बसली.